सेनापती बापट आणि नेम : मुळशीची गोष्ट वर्गात सांगताना



मुळशी सत्याग्रह शिकवायला घेतला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. आपण मुलांना सेनापती बापटांचं ते प्रसिद्ध वर्णन सांगतो. घोट्याच्या वर पोचणारं धोतर, शर्टावर जाकीट, कमरेला तलवार, एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात पिस्तूल, आणि अशा थाटात रेल्वेच्या रुळावर उभा असलेला माणूस. मुलं डोळे मोठे करून ऐकतात. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, की सर, त्यांचा नेम कसा होता, आणि त्यांनी किती जणांना मारलं?

खरं सांगायचं तर बरीच वर्षं मी हा प्रश्न हसून टाळला. देशभक्ताच्या गोष्टीत हे कुठे आलं, असं वाटायचं. पण मुलांचा प्रश्न चुकीचा नाही. हा माणूस नेमबाजी रीतसर शिकलेला होता. तेव्हा या वेळी बापटांचं चरित्र त्याच बाजूने सांगून बघूया.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा हुशार. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि पुण्यात डेक्कन कॉलेजात आला. कॉलेजात असतानाच, १९०२ च्या सुमारास, तलवारीवर हात ठेवून देशासाठी लढण्याची शपथ घेतली. वय एकवीस-बावीस. तलवार होती ती शपथेपुरती. चालवायला शिकवणार कोण आणि कुठे?

इथे मुलांना एक गोष्ट जरूर सांगा, नाहीतर पुढचं कळत नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायची बंदी होती. युरोपियनांना त्यातून सूट होती. मावळातल्या ज्या शेतकऱ्यांचे पूर्वज शिवाजी महाराजांबरोबर लढले, त्यांच्या हातात राहिले कोयता, कुऱ्हाड आणि काठी. आणि हत्यार हाताशी नसेल तर सराव कुठून होणार? १८९७ च्या २२ जूनला चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडला गोळी घातली, तेव्हा दामोदरपंतांनी बग्गीला मागून गाठून अगदी जवळून बार काढला होता. धाडस मोठंच, पण ज्याला लांबून नेम धरण्याचा सराव नाही, त्याला जवळ जाण्यावाचून गत्यंतर नसतं हेही तितकंच खरं.

आपल्या भागातल्या कातकरी वाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना हे सांगावं लागत नाही. तिरकमठ्याने शिकार करणाऱ्याचं सगळं शहाणपण अंतरातच असतं. बाण उडतो तसा खाली येत जातो, आणि दोरीचा आवाज बाणाच्या आधी जनावराच्या कानी पोचतो. म्हणून मारा करण्याआधी जवळ सरकायचं, वारा तोंडावर घ्यायचा, आणि जिथून खात्री नाही तिथून बाण सोडायचाच नाही. (आता शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, हे मुलांना त्याच दमात सांगून टाका. नाहीतर दुसऱ्या दिवशी बेचक्या घेऊन येतील.)

बरं, बापटांकडे येऊया. बी.ए. झाल्यावर १९०४ मध्ये त्यांना मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि इंजिनिअरिंग शिकायला ते स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला गेले. हेरियट-वॅट कॉलेजात नाव घातलं. आणि तिथे रायफल क्लबात जाऊन नेमबाजी शिकायला लागले.

यातली गंमत बघा. बोअर युद्ध नुकतंच, १९०२ मध्ये, संपलेलं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांनी, जे लहानपणापासून शिकार करत वाढले होते, लांबून अचूक गोळ्या घालून ब्रिटिश फौजेला घाम फोडला होता. त्याचा धसका घेऊन ब्रिटनमध्ये गावोगावी रायफल क्लब निघाले. साध्या कारकुनाला, विद्यार्थ्याला गोळी नीट मारता आली पाहिजे अशी हवाच तयार झाली. मायदेशी पारनेरच्या पोराने बंदुकीला हात लावला असता तर फौजदार दारात आला असता. तीच बंदूक साम्राज्याच्या घरात त्याला शिकायला मिळाली.

रायफल क्लबात शिकवतात काय? मुलांना वाटतं, नेम धरायचा आणि चाप ओढायचा. तसं नसतं. पहिले कित्येक दिवस शरीर स्थिर करण्यातच जातात. पालथं पडून दोन्ही कोपरं जमिनीला टेकवायची, बंदुकीचा दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवायचा, म्हणजे वजन हाडांवर येतं आणि स्नायू थरथरत नाहीत. मग श्वास. श्वास घेताना छाती वर-खाली होते आणि तेवढंच नळीचं टोक हलतं. म्हणून अर्धा श्वास सोडून क्षणभर थांबायचं आणि त्या थांबलेल्या क्षणात बार काढायचा. फार वेळ कोंडलात तर डोळ्यापुढे धुरकट दिसायला लागतं, की सोडून द्या, पुन्हा पहिल्यापासून. चाप ओढायचा नाही, हळूहळू दाबत न्यायचा, इतका की बार कधी निघाला हे मारणाऱ्यालाही थोडं अनपेक्षित वाटावं. नवशिक्या काय करतो? धक्का बसणार म्हणून आधीच डोळे मिटतो, खांदा आखडतो, आणि गोळी खाली जाते. यावर जुना उपाय म्हणजे गोळी न भरता सराव. रिकामी बंदूक, तोच नेम, तोच चाप, शंभर वेळा. आणि बार झाल्यावरही क्षणभर तसंच राहायचं, लगेच मान उचलून बघायचं नाही. धनुष्यालाही हेच लागू आहे. दोरी सुटल्यावर हात पाडला की बाण भरकटतो.

आणखी एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार आवडते. पाच गोळ्या मारल्या आणि पाचही एकमेकींना खेटून बसल्या, पण मध्यापासून चार बोटं डावीकडे, तर नेमबाज खूश होतो. कारण चूक एकसारखी आहे, म्हणजे हात पक्का आहे. बंदुकीवरची खूण जराशी सरकवली की काम झालं. याउलट एक गोळी मध्यात आणि चार चहूकडे, तर तो मध्यातला एक बार निव्वळ नशीब. हे मैदानावर करून बघता येतं. फक्कीने एक वर्तुळ आखा, दहा पावलांवरून प्रत्येकाला पाच खडे टाकायला लावा, आणि किती आत पडले ते मोजू नका. पाच खड्यांमधलं अंतर मोजा. माझ्या वर्गात नेहमी पहिला येणारा मुलगा यात मागे पडला आणि एरवी गप्प असणारी एक मुलगी पुढे आली. गणिताच्या तासाला सरासरी शिकवायलाही उपयोग होतो, हे आपलं जाता जाता.

एडिंबरोतलं शिक्षण फार दिवस टिकलं नाही. बापटांनी तिथे हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राज्यावर टीका करणारं भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. मग लंडनचं इंडिया हाऊस, श्यामजी कृष्ण वर्मा, सावरकर. तिथून पॅरिस. पॅरिसमध्ये बंगालचे हेमचंद्र दास यांच्याबरोबर ते रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवण्याची विद्या शिकले, आणि त्या विद्येचं पुस्तक घेऊन १९०८ मध्ये मायदेशी परतले.

आता इथे थांबा. रायफलीच्या गोळीला एक दिशा असते. बॉम्बला दिशा नसते. तो फेकणाऱ्याच्या हातून सुटला की पुढे कोण उभं आहे हे विचारत नाही. ३० एप्रिल १९०८ च्या रात्री मुझफ्फरपूरला खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी न्यायाधीश किंग्जफोर्डची समजून एका बग्गीवर बॉम्ब टाकला. बग्गी दुसऱ्याचीच निघाली. आत केनेडी नावाच्या बाई आणि त्यांची मुलगी होती. दोघी गेल्या. अठरा वर्षांचा खुदिराम फासावर गेला, प्रफुल्लने स्वतःला गोळी मारून घेतली. बापटांबरोबर पॅरिसला शिकलेले हेमचंद्र दास याच बंगाली गटातले होते, ते अंदमानात गेले. मुझफ्फरपूरला हात चुकला नव्हता. फेकलेला बॉम्ब ज्या बग्गीवर पडायला हवा होता तिच्यावरच पडला, फक्त ती बग्गी कोणाची आहे हे ओळखण्यात चूक झाली. कुठल्याही शिकाऱ्याला विचारा, झुडूप हललं म्हणून बार काढायचा नाही, आधी काय आहे ते दिसलं पाहिजे, हा त्याचा पहिला धडा असतो.

बापटांचं म्हणणं घाई करू नये असं होतं. एकेकट्या स्फोटांनी काही होणार नाही, आधी देशभर तयारी हवी. आणि बॉम्ब वापरायचाच तर सरकारचं आणि लोकांचं लक्ष वेधायला, माणसं मारायला नाही, असा त्यांचा कटाक्ष असल्याचं त्यांची चरित्रं सांगतात. पण अलीपूरच्या खटल्यात त्यांचं नाव निघालं आणि ते चारेक वर्षं भूमिगत राहिले. १९१२ मध्ये इंदूरला पकडले गेले, पुढे सुटले. पारनेरला परत आले ते हातात झाडू घेऊन. गावचे रस्ते झाडायचे, दलित वस्तीत जायचे, मुलांना शिकवायचे. मग पुण्यात वर्तमानपत्रांत आणि केतकरांच्या ज्ञानकोशात काम. अंदमानातल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी घरोघर फिरून सह्या. एडिंबरोचा नेमबाज तो हाच, हे रस्त्यावर त्यांना झाडताना बघणाऱ्या कुणाच्या मनातही आलं नसतं.

आणि मग आपलं मुळशी.

मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं, ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिऱ्याला सोडायचं, तिथे वीज करायची आणि मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, ही टाटा कंपनीची योजना. त्यात मुळशी पेट्यातली पन्नासहून जास्त गावं जाणार होती. आंबेमोहोराची खाचरं, देवळं, स्मशानं, सगळं. सरकारने कंपनीसाठी भूसंपादनाचा कायदा लावला. शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि बापट पुढे होते. बायका मागे नव्हत्या, त्याही तुरुंगात गेल्या. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी उभा केलेला जगातला बहुधा पहिलाच संघटित लढा, म्हणून अभ्यासक आज याच्याकडे बघतात.

मुलांना हे सांगताना एक अवघड गोष्ट लपवू नका. गावातल्या सगळ्यांचं हित एक नव्हतं. पेट्यातली पुष्कळ जमीन पुण्यातल्या सावकारांच्या नावावर किंवा त्यांच्याकडे गहाण होती. त्यांना नुकसानभरपाई हवीच होती. कसणाऱ्या मावळ्याला भरपाई मिळाली तरी ती कर्जात जायची. सत्याग्रह रेंगाळला, भरपाई घेणारे वाढले, बापट तुरुंगात जात-येत राहिले. १९२४ पर्यंत धरणाची भिंत वर येत चालली होती आणि लढ्यातली माणसं कमी होत होती.

तेव्हा बापटांनी शस्त्र हातात घेतलं. १९२४ च्या अखेरीस त्यांनी मोजके साथीदार घेऊन कंपनीच्या कामाची रेल्वे अडवली. रुळांवर दगड रचले आणि सुरुवातीला सांगितलं त्या वेषात स्वतः समोर उभे राहिले. यालाच रेलफोड म्हणतात. आपल्या पद्धतीला ते शुद्ध सत्याग्रह म्हणत. हातात साधन कोणतं आहे यापेक्षा ते वापरणारा त्याचं फळ स्वतःच्या अंगावर घ्यायला तयार आहे की नाही, याला त्यांच्या मते महत्त्व होतं.

आता मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे या. किती जणांना मारलं? कुणालाही नाही. गाडी अडली, बापट आणि साथीदार पकडले गेले, खटला चालला. पण खून झाला नव्हता.

मुलांना द्रोणाचार्यांच्या परीक्षेची गोष्ट माहीत असते. झाडावरचा पक्षी, आणि काय दिसतं असं विचारल्यावर युधिष्ठिराला झाड, फांद्या, भाऊ, गुरुजी सगळंच दिसतं, अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा. आपण वर्षानुवर्षं अर्जुनाला शाबासकी देत आलो. एकाग्रतेच्या धड्याला ते ठीकच आहे, कारण द्रोणाचार्यांचा पक्षी लाकडाचा होता. पण जित्या जगात, हातात भरलेलं हत्यार असताना, ज्याला फक्त डोळाच दिसतो तो माणूस मला धोक्याचा वाटतो. पक्ष्याच्या मागे कोण उभं आहे, हे कुणी बघायचं? बंदुकीची गोळी लक्ष्यावर थांबत नाही. त्या रुळावर बापटांसमोर टाटा कंपनी नव्हती. समोर इंजिन चालवणारा पोटार्थी माणूस होता, मजुरीला चाललेले लोक होते, त्यातले काही कदाचित बुडणाऱ्या गावांसारख्याच गावांतून आलेले. मुंबईत बसून निर्णय घेणारा कुणीही पिस्तुलाच्या टप्प्यात नव्हता. अशा वेळी एडिंबरोला शिकलेला हात वापरायचा कशावर? बापटांनी निशाणा धरला तो रुळांवर, गाडीवर, कामावर.

म्हणजे ते बरोबरच होतं का? पालकांपैकी कुणी हे विचारलं तर मी तरी सरळ हो म्हणणार नाही. हातात पिस्तूल घेऊन गाडी अडवली की इंजिनावरच्या माणसाला जीव जाईल असंच वाटणार, त्याला समोरच्याचा कटाक्ष काय माहीत? शिवाय रुळावर दगड ठेवले की काय होईल हे पुरतं आपल्या हातात राहत नाही. गांधीजींनी सुरुवातीला मुळशीच्या शेतकऱ्यांबद्दल सहानुभूतीने लिहिलं होतं. पण या लढ्याच्या नेत्याचा अहिंसेवर विश्वास नाही, हे त्यांनी पुढे स्पष्ट नोंदवलं, आणि त्यात चूक काही नव्हतं. दुसऱ्या बाजूला, तीन वर्षं उन्हातान्हात शांतपणे बसून, मार खाऊन, तुरुंगात जाऊन भिंत एक इंच खाली आली नव्हती, हेही मुलांपुढे ठेवलं पाहिजे. नववी-दहावीच्या वर्गात यावर दोन गट करून बोलू द्या. फक्त आपण आधी निकाल सांगायचा नाही.

बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांना सिंधमध्ये हैदराबादच्या तुरुंगात ठेवलं. तेव्हा वय चव्वेचाळीस. ते तिकडे असतानाच १९२७ मध्ये धरण पुरं झालं. १९३१ मध्ये ते सुटून आले, तेव्हा ज्या खाचरांसाठी ते रुळावर उभे राहिले होते त्यांच्यावर पाणी होतं. मुळशीने त्यांना दिलेलं सेनापती हे नाव मात्र जन्मभर चिकटलं.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो, नाहीतर तास संपायचा. सुटून येतात न येतात तोच भाषणाबद्दल पुन्हा शिक्षा, १९३७ मध्ये सुटका. मग सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचं महाराष्ट्रातलं नेतृत्व. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. पंचाहत्तरीला आलेला हा म्हातारा १९५५ मध्ये गोव्याच्या सत्याग्रहात होता, नंतर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही. या दोन्हींत हातात काहीच नव्हतं. २८ नोव्हेंबर १९६७ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

तालुक्याच्या वेशीवर म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आता शूटिंग रेंज आहे. जमलं तर मुलांना एकदा दाखवून आणा. तिथला पहिला नियम नेमाबद्दल नसतोच. नळी कायम रेंजच्या दिशेने, आणि समोर कुणी गेलं असेल तर बंदूक खाली ठेवून मागे व्हायचं, हे आधी सांगतात. आमच्यातला मागच्या बाकावरचा एक जण ते ऐकून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, की सर, मग गाडीत माणसं होती तर बापटांनी रुळावर दगड ठेवायलाच नको होते. मी त्याला म्हटलं, वहीत लिही, उद्या यावरच बोलू.